तळ्याकाठचा फोडणीचा भात

माणसं हौसेने हिमालयात जातात आणि तिसऱ्या दिवशी वरणभात मागतात. या एका सवयीवर माझा संसार बावीस वर्षं चालला. बोरिवलीच्या एका सहल कंपनीत मी आचारी होतो. सहलीबरोबर आचारी कशाला न्यायचा, असं दुसऱ्या प्रांतातले लोक मला विचारत. मी त्यांना सांगायचो, आमच्या प्रवाशांना चार दिवस सलग हॉटेलातलं पनीर खायला घाला आणि पाचव्या दिवशी त्यांच्यासमोर उभे राहून दाखवा. आमच्या जाहिरातीत बर्फाच्या डोंगराचा फोटो लहान असायचा आणि ‘घरच्या चवीचं जेवण, मागाल तेवढं’ ही अक्षरं मोठी. त्या अक्षरांचा भार माझ्यावर होता.

मी अनंत परब. वडील मूळचे कुडाळकडचे, गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर आम्ही दहिसरला आलो आणि वडील लग्नाच्या पंगतींना भात लावायला जाऊ लागले. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. पुढे कुठे कुठे नोकऱ्या केल्या ते सांगत बसत नाही, ते माझ्या बायकोलाही ऐकवत नाही. मला सांगायचंय ते एका तळ्याबद्दल आणि तिथे माझ्या हातून झालेल्या चुकीबद्दल.

त्याआधी धंदा थोडा समजून घ्या. लडाखला पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पंगतीतला नावाजलेला भातवाला होतो. तळ्याकाठी तंबू ठोकला, आधण ठेवलं, पाणी खळखळ उकळलं, तांदूळ वैरले. अर्ध्या तासाने बघतो तर शितं बाहेरून गिजगिजीत आणि आत कच्ची कणी. चौदा-पंधरा हजार फुटांवर हवा विरळ असते, पाणी लवकर उकळतं पण हवं तेवढं तापत नाही, हे मला प्रवाशांतल्याच एका शास्त्राच्या मास्तरांनी समजावलं. तोवर तीस माणसं पापड खाऊन बसली होती. तेव्हापासून भातसुद्धा कुकरमध्ये, आणि शिट्ट्या मोजायच्या त्या मुंबईच्या दुप्पट. डाळ आदल्या दिवशी भिजवायची. हवा इतकी कोरडी की मळलेली कणीक दोन मिनिटं उघडी राहिली तर तिला वर पापुद्रा धरतो. चिवड्याच्या पिशव्या फुगून उशा होतात, त्यांना वाटेतच सुईने टोचावं लागतं. एकदा मी विसरलो आणि खिंडीत गाडीच्या टपावर फटाके वाजल्यासारखा आवाज झाला. ड्रायव्हर गाडी थांबवून खाली वाकून चाकं बघत बसला.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुना. अंधेरीचे एक निवृत्त साहेब होते. तळ्यावर पोचल्यावर अर्धी गाडी डोकं धरून आडवी झाली होती. साहेबांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलेलं, त्यातला आकडा बघून आमच्या टूर लीडरचा चेहरा उतरलेला, आणि साहेब कापत कापत माझ्या तंबूत आले. म्हणाले, “परब, आज कढी आहे ना?” कढी आहे म्हटल्यावर मग शहाण्यासारखे जाऊन झोपले. अशा माणसांना जेवू घालण्यात मजा असते, हे मी आजही म्हणतो.

टूर लीडर म्हणजे प्रज्ञा. घाटकोपरची मुलगी, आता तिशी ओलांडलेली. तिचे आजोबा विदर्भातून मुंबईला आले, वडील बेस्टमध्ये. लडाखच्या गोंपात, म्हणजे तिथल्या बौद्ध मठात शिरली की ती आपल्या पद्धतीने त्रिशरण म्हणायची, आणि तिथले म्हातारे भिक्खू तिला थांबवून विचारायचे, तू कुठली गं? घाटकोपर म्हटलं की त्यांना काही उलगडा व्हायचा नाही, पण चहा मिळायचा. कामाला ती चोख, जिभेला फटकळ. मला काका म्हणायची आणि काकाला म्हणून काही सूट द्यायची नाही.

तळ्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही जाल. लेहपासून दोन दिवस लागतात. शेवटची खिंड उतरलात की आधी मोठं माळरान येतं, त्यावर रानगाढवं चरत असतात, मग अभयारण्याची पाटी, आणि पाटीच्या मागे एकदम ते पाणी. पहिल्यांदा बघणारा माणूस गाडीत बोलायचा थांबतो. तीस मराठी माणसं एकाच वेळी गप्प झालेली मी फक्त तिथे पाहिली. तळ्याच्या एका टोकाला गाव, पंचवीसेक घरं, आणि गावाला लागून आमचे तंबू. दुसऱ्या टोकाला पाणी संपताना दलदलीचं हिरवं कुरण आहे. तिकडे जायला बंदी. दरवर्षी उन्हाळ्यात क्रौंच पक्ष्यांची एक जोडी तिथे अंडी घालते.

ही बंदी सांभाळायला रिगझिन होता. पन्नाशीचा, आधी मेंढपाळ, मग मेंढ्या विकून अभयारण्याचा रखवालदार झालेला. त्याच्या दुर्बिणीची एक काच तडकलेली होती, तो दुसऱ्या डोळ्याने बघायचा. रोज सकाळी चहाला माझ्या तंबूत यायचा. घरी त्यांचा लोणी-मिठाचा चहा, पण माझ्याकडच्या दहिसरहून नेलेल्या गवती चहाची त्याला चटक लागली होती. आमचं बोलणं हिंदीत चालायचं, तो त्याची हिंदी बोलायचा आणि मी बोरिवली स्टेशनबाहेरची. इथे मी ते मराठीत लिहितो.

एका जुलैत तो मला गावामागच्या टेकाडावर घेऊन गेला आणि दुर्बीण हातात दिली. कुरणात दोन उंच पक्षी चालत होते. राखाडी अंग, काळी मान, डोक्यावर लाल टोपी. चालणं सभागृहात उशिरा आलेल्या प्रमुख पाहुण्यांसारखं. आणि त्यांच्या पायांमधून एक तपकिरी गोळा धडपडत होता. ते पिल्लू. रिगझिन म्हणाला, जोडी दरवर्षी येते, अंडी घालते, पण सलग चार वर्षं पिल्लू उडण्याएवढं मोठं झालं नाही. कधी थंडीने मेलं, कधी कोल्ह्याने नेलं. ऑक्टोबरअखेर तळं गोठायला लागतं, त्याच्या आत पिल्लाने उडायला हवं. “परबजी, मी ही नोकरी सोडायच्या आधी एक पिल्लू इथून उडालेलं मला बघायचंय,” तो म्हणाला. “फक्त एक.” मी त्या धडपडत्या गोळ्याकडे बघत राहिलो आणि मलाही ते हवंसं झालं.

आता माझी चूक. ‘मागाल तेवढं’ याचा आचाऱ्याच्या भाषेत अर्थ असा, की शेवटच्या माणसाने चौथ्यांदा भात मागितला तरी पातेल्यात तो असायला हवा. पंगतीत पातेल्याचा तळ दिसला की आचाऱ्याची अब्रू गेली, हे मला वडिलांनी शिकवलं. त्यामुळे अन्न नेहमी उरायचं, आणि तळ्यावर तर जास्तच, कारण उंचीवर माणसाची भूक मरते. उरलेल्या भाताला मी सकाळी हळद, मोहरी, शेंगदाण्याची झणझणीत फोडणी द्यायचो. अर्धा नाश्त्याला उठायचा. राहिलेला कचऱ्याच्या पिशवीत कोंबायला माझा हात धजावायचा नाही. आमच्याकडे सणासुदीला गाई-कावळ्यासाठी केळीच्या पानावर जेवण काढून ठेवतात, त्याला वाडी म्हणतात. आईने मला लहानपणापासून बजावलेलं, अन्न उकिरड्यात जायचं नाही, कुठल्या तरी मुखात जायला हवं. तंबूमागच्या कोरड्या ओढ्यात एक सपाट दगड होता. त्या उन्हाळ्यात त्यावर मी तो भात ठेवायला लागलो.

पहिल्या दिवशी एक कुत्रा आला, फाटक्या कानाचा. दुसऱ्या सहलीला तीन होते. जुलै संपेपर्यंत अकरा झाले. प्रवासी खूश, त्यांचे फोटो काढायचे. मुलुंडच्या सोमण बाई म्हणून एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्या तर स्वतःची बिस्किटं त्यांना भरवायच्या. मला मोठं पुण्याचं काम केल्यासारखं वाटायचं. रिगझिन एकदा चहा पिताना म्हणाला, यंदा कुत्री फार दिसतात. मी म्हटलं, रस्त्याच्या कामावरच्या लोकांची असतील. माझी बोटं तेव्हा हळदीने पिवळी होती.

दोन सहलींच्या मध्ये आठ-नऊ दिवस तंबू बंद असायचा. ते आठ-नऊ दिवस त्या अकरा कुत्र्यांनी काय खायचं, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. त्यांना जेवायची सवय मी लावली आणि मी गाडीत बसून लेहला निघून गेलो.

ऑगस्टमध्ये पुढची सहल घेऊन आलो तर सकाळी रिगझिन चहाला आला नाही. प्रज्ञा गावात जाऊन आली. तंबूच्या दारात उभी राहून म्हणाली, “काका, वाट लागली. पिल्लू मारलं कुत्र्यांनी. परवा.”

मी टेकाडावर गेलो. रिगझिन तिथे बसला होता. कुरणात ते दोघं पक्षी उभे होते आणि आळीपाळीने ओरडत होते. तो आवाज फार लांब जातो, गावात चुलीपाशी बसूनही ऐकू येतो. मी फार वाईट झालं असं काहीतरी बोललो. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी परत आलो तेव्हा माझ्या तंबूमागे अकरा कुत्री दगडाभोवती शेपट्या हलवत बसलेली. प्रज्ञाने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“काका, ही आपली कुत्री आहेत ना?”

“कुत्री कोणाची नसतात,” मी म्हटलं.

बावीस वर्षांत माझं मीठ जास्त झालं, दूध नासलं, एकदा अख्खा कुकर उडाला. त्या सगळ्याची मला लाज नाही. या एका वाक्याची आहे.

त्या हिवाळ्यात दहिसरला घरी मला फोडणीचा भात जाईना. बायकोने दोन महिने बघितलं आणि एका दुपारी ताटावरच विचारलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मगे तुमी तेका सांगलात काय नाय?” मी म्हटलं नाही. “फोन आसा मा तुमच्याकडे,” ती म्हणाली आणि माझ्या ताटातला भात उचलून आपल्या ताटात घेतला. पण हिवाळ्यात त्या गावाला फोन लागत नाही. आणि लागला असता तरी मी केला असता का, ते आज छातीठोकपणे सांगू शकत नाही.

जूनमध्ये पहिल्या सहलीला पोचलो त्याच सकाळी थर्मासमध्ये गवती चहा भरला आणि रिगझिनच्या घरी गेलो. तो ओसरीत लोकरीचा दोर वळत होता. उभ्यानेच मी बोलून टाकलं. दगड, भात, बंद तंबू, सगळं. तो दोर वळत राहिला. मग म्हणाला, “मला माहीत होतं.”

तो सांगू लागला, कुरणात पिल्लाची पिसं सापडली, तिथे कुत्र्यांची आठवडाभर जुनी, वाळलेली विष्ठाही होती, त्यात पिवळी शितं आणि शेंगदाणे होते. “परबजी, या तळ्यावर पिवळा भात कोण करतं?” त्याने विचारलं.

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललास. त्याने आत जाऊन एक घडी घातलेला कागद आणला. त्याच्या हाताने लिहिलेली तक्रार होती, आमच्या कंपनीचा तंबू तळ्यावरून कायमचा हलवावा अशी. खाली सही होती, तारीख नव्हती. तो म्हणाला, गावातल्या चार घरांचं पोट त्या तंबूवर आहे म्हणून थांबलो. आणि जो माणूस जनावरांना रोज जेवायला घालतो तो मुद्दाम वाईट करणारा नसेल, एवढा हिशेब मी केला. जून संपेपर्यंत तुमची वाट बघणार होतो. तो कागद त्याने फाडला नाही, परत घडी घालून खिशात ठेवला. ते मला बरोबर वाटलं.

मग आम्ही कामाला लागलो. जोडी परत आलेली होती, अंड्यांवर बसली होती. खाणं नुसतं बंद करून भागणार नव्हतं, कारण माझ्या तंबूचा वास येताच ती कुत्री माळरानावरून धावत आली होती, थंडीत दोन मेलेली, नऊ शिल्लक. त्यांना उपाशी ठेवलं तर ती थेट कुरणात जाणार. घालत राहिलो तर नवाची वीस होणार. रिगझिनला मेंढ्या हाकायची सवय. तो म्हणाला, दगड हलवू या.

सहल पुढे गेली, मी मागे राहिलो. रोज सकाळी फोडणीचा भात करायचा, पातेलं डोक्यावर घ्यायचं, आणि आदल्या दिवशीच्या जागेपासून दीड-दोन किलोमीटर पुढे, अभयारण्याच्या बाहेर जाणाऱ्या रस्त्यावर तो मांडायचा. कुत्री मागे मागे. मोहरीचा वास त्या हवेत लांबवर जातो, फोडणी मी मुद्दाम जास्त घालायचो. पंधरा हजार फुटांवर पातेलं घेऊन चालताना दर वीस पावलांना छातीचा भाता व्हायचा. रिगझिन थांबायचा, पातेलं आपल्या डोक्यावर घ्यायचा. नवव्या दिवशी आम्ही अभयारण्याबाहेरच्या, खालच्या गावात पोचलो. तिथे रिगझिनने कळवल्यावरून लेहहून जनावरांचे डॉक्टर आले होते, त्यांनी नसबंदी केली. चार कुत्री मेंढपाळांनी ठेवून घेतली, तीन चहाच्या टपरीवरच्या बाईकडे राहिली. दोन मात्र वाटेतूनच परत फिरली. त्यातला एक फाटक्या कानाचा, माझं पहिलं गिऱ्हाईक. त्या दोघांपायी रिगझिनने पुढचे चार महिने कुरणाच्या कडेला मुक्काम ठोकला.

स्वयंपाकघरही तळ्याकाठून हलायला हवं होतं. खालच्या गावात शिजवायचं, गरम डब्यांतून वर न्यायचं, आणि एक शीत उरता कामा नये. म्हणजे मोजून करायचं. म्हणजे ‘मागाल तेवढं’ गेलं. लेहहून बोरिवलीला मालकांना फोन केला. मालक तसे भले, पण जाहिरात छापून झालेली. म्हणाले, “परब, तू आचारी आहेस. पक्ष्यांचं बघायला सरकार आहे ना?” प्रज्ञाने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, “सर, मग पुढची टूर दुसऱ्या कोणाला द्या. मी नेत नाही.” सीझनच्या मध्यावर दुसरी लीडर कुठून आणणार? मालक म्हणाले, ठीक आहे, मेळाव्यात लोकांना तुम्हीच सांगा. लोक हो म्हणाले तर करा.

मेळावा म्हणजे सहलीआधी प्रवाशांना एकत्र बोलावून सूचना देतात तो. जुलैचा मेळावा मुलुंडला एका हॉलमध्ये होता. मी आयुष्यात कधी माइकवर बोललो नव्हतो. मी प्रवाशांना दिसायचो तो झाऱ्यामागे. स्वच्छ शर्ट घालून उभा राहिलो आणि आधी सांगून टाकलं की पिल्लू माझ्यामुळे मेलं. मग सांगितलं, तळ्यावरच्या दोन दिवसांत जेवण मोजून मिळेल. कोण किती चपात्या खाणार, किती वाट्या भात, आदल्या दिवशी लिहून द्यायचं. पोट भरेल, पण मागून मिळणार नाही. पानात टाकायचंही नाही.

हॉलमध्ये चुळबुळ झाली. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी जाहिरातीचा कागद वर करून त्यातली ओळ मोठ्याने वाचली. दुसरे कोणी म्हणाले, एवढ्या लांब जाऊन उपाशी राहायचं का? मालक भिंतीला टेकून उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, झालं, उद्या स्वयंपाकाचा तंबू परत तळ्याकाठी लागणार.

तेवढ्यात मधल्या रांगेतून सोमण बाई उठल्या. त्या यंदा पुन्हा येणार होत्या, मला ठाऊकही नव्हतं. शाळेत उठून उभ्या राहाव्यात तशा ताठ. म्हणाल्या, “बिस्किटं मी घातली होती. परबांचं एकट्याचं नाही ते.” मग पर्समधून चष्मा काढून लावला. “मला दोन पोळ्या, एक वाटी भात, आमटी वाटीभर. लिहून घ्या.”

प्रज्ञाने वही उघडली. बाईंच्या शेजारची बाई म्हणाली, मला दीड पोळी, उरलेली अर्धी आमच्या ह्यांना. मागून कोणी म्हणालं भात नको, शुगर आहे. हळूहळू हात वर व्हायला लागले. अंधेरीचे साहेबही आले होते, त्यांनी अखेर गंभीरपणे विचारलं, कढीला हा नियम लागू आहे का. सगळे हसले. जाहिरातवाले गृहस्थ सगळ्यात शेवटी उठले आणि चार चपात्या सांगून बसले. मी माइक कुठे ठेवला ते मला आठवत नाही.

पहिल्यांदा मोजून केलं तेव्हा मला सारखं वाटायचं, कोणाला तरी कमी पडणार. पडलंही. चार चपात्यावाल्यांनी पाचवी मागितली आणि मी माझ्या डब्यातली दिली. पण भांडी घासायला बसलो तर खरवडून काढण्याएवढंही काही नव्हतं, आणि मला अब्रू गेल्यासारखं वाटलं नाही. पन्नास वर्षांची शिकवण एका दुपारी मागे पडली, याचं थोडं वाईट वाटलं. वडिलांना हे कसं समजावलं असतं, कोण जाणे.

जुलैत एक पिल्लू बाहेर आलं. दर सहलीला मी डबे पोचवून टेकाडावर जायचो. ऑगस्टमध्ये ते उंचीने आईबापाच्या पोटापर्यंत आलं. एकदा फाटक्या कानाचा कुत्रा कुरणाच्या अर्ध्या वाटेवर येऊन बसलेला मी डोळ्याने पाहिला, रिगझिन गोफण घेऊन त्याच्या आणि पक्ष्यांच्या मध्ये उभा होता, आणि बराच वेळ दोघंही हलले नाहीत. शेवटी कुत्रा उठून गेला. सप्टेंबरच्या शेवटच्या सहलीला पिल्लू जवळजवळ आईएवढं उंच झालं होतं, मानेवर अजून तपकिरी लव. पंख पसरून धावायचं आणि धप्पकन बसायचं. उडत नव्हतं. सकाळी तळ्याच्या कडेला बर्फाची पातळ किनार दिसायला लागली होती. तंबू गुंडाळले. मी रिगझिनला म्हटलं, कळव. त्याने मान हलवली.

माझे गुडघे त्या सीझनने संपवले. मालकांना सांगितलं, आता बस. हे स्वयंपाकघर आज दुसरा आचारी चालवतो, मोजूनच चालवतो, आणि जाहिरातीत त्या दोन दिवसांपुढे बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं.

दिवाळीच्या तोंडावर, सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजला. रिगझिन होता, फोन करायला मुद्दाम सहा तास खाली उतरून आला होता. म्हणाला, तळं कडेने गोठलं. दोघं मोठे पक्षी उडाले, वर घिरट्या घालून ओरडले, पिल्लू खालीच धावत राहिलं. ते परत उतरले. दुसऱ्या दिवशी तेच. रिगझिन त्या रात्री जेवला नाही. तिसऱ्या दिवशी समोरून वारा होता. पिल्लू धावलं, आणि या वेळी पाय जमिनीवर आलेच नाहीत. “तिघं, परबजी,” तो म्हणाला. “तिघं उडाले. मी ओरडलो. ऐकायला कोणी नव्हतं, तरी ओरडलो.” मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. मग अजून एकदा. कुठल्या दिशेने गेले विचारलं, तर म्हणाला पूर्वेला, खिंडीवरून.

फोन ठेवला तेव्हा मी रडत होतो, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत गेलो. पूर्वेला बांधकामाच्या क्रेन आणि त्यांच्या मागे नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात. वर दोन घारी फिरत होत्या. ते पक्षी दहिसरवरून जाणार नाहीत हे मला चांगलं कळत होतं, तरी मी मान वर करून बघत राहिलो. बायको पिठाच्या हातांनी बाहेर आली. माझ्या शेजारी उभी राहिली आणि तीही वर बघायला लागली. थोड्या वेळाने खाली बघतो, तर आम्ही काय बघतोय म्हणून भाजीवाला, रिक्षावाला आणि समोरच्या इमारतीचा वॉचमन, तिघंही रस्त्यात थांबून आकाशाकडे बघत होते.